तीन महिन्यांचं भाडं

आमच्या घराची मागची खोली सहा वर्षं एकाच जोडप्याकडे भाड्याने होती. ते खानदेशातून सुरतेला आलेले. तो लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर होता. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, दोन्ही बारा तासांच्या. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मे १९९७ मध्ये त्यांनी खोली सोडली. सोडताना पैशांवरून वाद झाला, आणि त्या वादातला हिशेबाचा कागद माझ्या हातचा होता.

घर पर्वत पाटियाच्या अलीकडे, रो-हाउसच्या एका लांब रांगेत होतं. वडील बँकेत कारकून होते. घर बँकेच्या कर्जावर घेतलेलं, पगारातून हप्ता कापला जायचा, म्हणून मागची खोली भाड्याने द्यायची हे घर घेतानाच ठरलं होतं. भाडं महिना साडेतीनशे, डिपॉझिट पाच हजार. लेखी करार नव्हता. वडिलांनी एक वही केली होती. दर महिन्याला एक ओळ: तारीख, रक्कम, पुढे त्यांची सही.

ते राहायला आले त्याच वर्षी, भाऊबीजेच्या सकाळी, ती ताट घेऊन आमच्या पुढच्या दाराशी उभी राहिली. एरवी ती मागच्या दारानेच यायची. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"वहिनी, रागावणार नसाल तर विचारते," ती म्हणाली. "भाऊंना ओवाळू का?"

तिला भाऊ नव्हता. वडिलांना बहीण नव्हती. आईने पाट मांडला. वडील दाढी करत होते. अर्धी दाढी झालेली असतानाच त्यांनी तोंड धुतलं, डोक्यावर रुमाल टाकला आणि पाटावर येऊन बसले. तिने ओवाळलं, त्यांनी ताटात पैसे ठेवले. त्यानंतरही ते बराच वेळ पाटावरून उठले नाहीत. तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं.

त्या दिवसापासून ती आमची आत्या झाली. तिच्या नवऱ्याला मी फुवा म्हणू लागले. आत्याच्या नवऱ्यासाठीचा हा गुजराती शब्द सुरतेतल्या मराठी घरांत सहज चालतो. वडील त्यांना दाजी म्हणत. फुवा थट्टेखोर होते.

"अख्ख्या सुरतेत मीच असा भाडेकरू," ते म्हणायचे, "ज्याचा घरमालक साला निघाला. मालकाला शिवी द्यायची सोय राहिली नाही. आणि साल्याला द्यावी, तर भाडं वाढेल."

"द्या की दाजी," वडील म्हणायचे. "शिवीचे पाच रुपये वेगळे लावतो."

दरवर्षी भाऊबीजेच्या आधी वडील एक नवा शर्ट घेऊ लागले. एरवी ते कपड्यांच्या दुकानात जायला कंटाळत. "माझ्याबरोबर बाजारात यायचं म्हटलं की गुडघे दुखतात," आई म्हणायची, "आणि बहिणीसाठी चौक बाजारापर्यंत चालत जातात." ओवाळणी किती घातली हे ते आईलाही सांगत नसत. भाड्याच्या वहीत तिचा उल्लेख नसायचा. ओवाळणी कुणी लिहून ठेवत नाही.

१९९४ च्या जूनपासून मी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी वडोदऱ्याला होते. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि चार-पाच दिवसांत शहर निम्मं रिकामं झालं. आत्या आणि फुवा मिळेल त्या गाडीने गावी गेले. दसऱ्यानंतर परत आले तेव्हा फुवांचं खातं बंदच होतं. ते सुरू झालं, तरी मालकाने मधल्या दिवसांची मजुरी दिली नाही. साड्यांचं कामही थांबलेलं. सप्टेंबरचं भाडं राहिलं, ऑक्टोबरचं राहिलं. त्या दिवाळीत मी घरी आले नव्हते. पुढचं मला आईने अडीच वर्षांनी सांगितलं, पण क्रमाने ते इथेच यायला हवं.

भाऊबीजेला आत्याने नेहमीसारखं ओवाळलं. वडिलांनी ताटात सुपारी ठेवली आणि म्हणाले, "सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तीन महिन्यांचं भाडं ही या वर्षीची ओवाळणी."

आत्या म्हणाली, "भाऊ, एवढी नको."

"ओवाळणीला नको म्हणत नाहीत," वडील म्हणाले.

वहीत त्या तीन महिन्यांच्या ओळी त्यांनी मोकळ्या सोडल्या. 'माफ' असा शब्द लिहिला असता तरी चाललं असतं. आईच्या मते त्यांना तो शब्द बहिणीच्या बाबतीत लिहायचा नव्हता.

अभ्यासक्रम संपवून मी परत आले आणि एका दैनिकाच्या डेस्कवर लागले. तिथे पहिली शिकवण ही होती, की सांगितलेलं आणि लिहिलेलं यांत फरक पडला, तर लिहिलेलं धरायचं. मला ती पटली होती.

१९९७ च्या एप्रिलमध्ये दूधवाल्याने सकाळी वडिलांना विचारलं, "काका, तुमचे भाडूत कोसाडला चालले ना? घर घेतलं म्हणे." कोसाड शहराच्या दुसऱ्या टोकाला, अमरोलीच्या पुढे. तिथे हाउसिंगची वसाहत होती आणि लूमवर काम करणारी पुष्कळ कुटुंबं तिकडे घरं घेत होती. वडिलांना काहीच ठाऊक नव्हतं. ते दूधवाल्याला म्हणाले, "हो, चाललेत," आणि पातेलं घेऊन आत आले.

संध्याकाळी आत्या आईकडे बसली होती तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मग, घराबिराचा काही विचार आहे का?"

आत्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "कशात काही नाही भाऊ अजून."

दूधवाल्याने वडिलांना हेही सांगितलं होतं, की फक्त शेवटचा हप्ता भरायचा राहिलाय. ती गेल्यावर ते आईला म्हणाले, "बहीण घर घेते आणि भावाला दूधवाला सांगतो."

"असेल काही कारण," आई म्हणाली.

"कारण एकच. आपण घरमालक. तेवढंच नातं."

त्यानंतर महिनाभर ते मागच्या अंगणात गेले नाहीत. मेच्या मध्याला फुवा पुढच्या दाराने आले आणि महिनाअखेर खोली सोडतो म्हणाले. त्यांनी पेढ्याचा पुडा आणला होता. वडिलांनी तो उघडला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भाडेकरू जातात तसे जा. शेवटच्या रविवारी हिशेब करून टाकू."

फुवा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "करा की. शिव्यांचे पाच-पाच रुपये धरून करा." मग वडिलांचा चेहरा पाहून ते उठले.

हिशेबाचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं. वही हातात देऊन म्हणाले, "तू लिही. तुला नीट जमतं." शनिवारी दुपारी मी वही पहिल्या पानापासून पाहिली. सहा वर्षांत तीन ओळी मोकळ्या होत्या: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर १९९४. बाकी प्रत्येक ओळीत रक्कम आणि सही. मी वडिलांना विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. वही बँकेतल्या माणसाने ठेवलेली होती. मी कागदाच्या डाव्या बाजूला डिपॉझिट लिहिलं, पाच हजार. उजवीकडे कपात: लाइटचं बिल शहाऐंशी रुपये, खिडकीची काच चाळीस, थकलेलं भाडं एक हजार पन्नास. एकूण अकराशे शहात्तर. परत देणे तीन हजार आठशे चोवीस. बेरीज दोनदा तपासली.

रविवारी सकाळी दहाला सगळे पुढच्या खोलीत बसले. वडील खुर्चीवर, फुवा स्टुलावर, आत्या खाली सतरंजीवर. मागे टेम्पोत सामान चढवून झालेलं होतं. आत्याने येतानाच सांगितलं, "भाऊ, उद्या सोमवारी हप्ता भरायचा शेवटचा दिवस आहे. पाच हजारच कमी पडतात. तुमच्याकडचे हे पाच आले की झालं."

मी कागद वाचला. बातमी वाचतात तसा, एका लयीत. लाइट बिलाला फुवांनी मान हलवली. काचेला आत्या म्हणाली, "हो, ती आमच्या बादलीने फुटली." मग मी तिसरी ओळ वाचली, महिन्यांच्या नावांसकट.

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मला काही माहीत नाही हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण मला ती काही बोलली नाही. तिने वडिलांकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "ते तीन महिने..."

वडील टेबलावरच्या वहीकडे पाहत होते.

आई दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "ते तीन महिने तर तुम्ही भाऊबी..."

"वहीत जे आहे ते आहे," वडील म्हणाले.

"वही कसाले पाहता भाऊ?" आत्या म्हणाली. ती आमच्याशी नेहमी आमच्यासारखं मराठी बोलायची. अहिराणी फक्त नवऱ्याशी. "माले लिहिता येत नही. पण याद सगळं शे. तुम्हाले याद नही का?"

फुवा उठून उभे राहिले. "ए, चल. नको बोलू." 

"बोला ना भाऊ. याद नही, इतलंच सांगा. मी मानीसू."

हे तिने दोनदा म्हटलं. त्यांना आठवत नसेल तर ती मान्य करणार होती, पैसे देणार होती आणि तरी बहीण राहणार होती. एवढं एक वाक्य तिला हवं होतं. वडील खोटं बोलले नाहीत. त्यांनी आठवत नाही असंही म्हटलं नाही आणि आठवतं असंही नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, तीन हजार आठशे चोवीस रुपये मोजले आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवले.

पैसे फुवांनी उचलले नाहीत. आत्याने उचलले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, पावती दे. काय काय कापलं ते सगळं लिही."

सहा वर्षांत तिने कधी पावती मागितली नव्हती. मी कोरा कागद घेतला. वर भाडेकरूचं नाव लिहायचं होतं. मला फुवांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. खाली वडिलांनी सही केली. आत्याने कागदाची घडी घालून ती ब्लाउजमध्ये ठेवली, आईच्या पाया पडली आणि मागच्या दाराने गेली.

टेम्पो वळल्यावर आईने मला १९९४ च्या भाऊबीजेचं सांगितलं. मी वडिलांकडे गेले. ते अजून खुर्चीवरच होते.

"बाबा, कागद चुकलाय," मी म्हणाले.

"बेरीज बरोबर आहे."

"अजून टेम्पो पाटियापर्यंत गेला नसेल. मी रिक्षाने जाते."

"नको," ते म्हणाले. "तिने मला सांगितलं नाही. मी कोण होतो मग?"

मी गेले नाही. हे नोंदवायला हवं. त्यांनी मला धरून ठेवलं नव्हतं, आणि रिक्षाचे पैसे माझ्याकडे होते.

त्या दिवाळीत वडिलांनी शर्ट घेतला नाही. भाऊबीजेला मात्र लवकर आंघोळ केली, गेल्या वर्षीचा शर्ट इस्त्री करून घातला आणि पुढचं दार उघडं ठेवून पेपर घेऊन बसले. दुपारी जेवायला उठले, परत बसले. आईने दोनदा चहा दिला. दिवेलागणीला त्यांनी दार लोटलं.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." कुठे ते सांगितलं नाही. आम्ही दोन रिक्षा बदलून कोसाडला गेलो. घर विचारत विचारत सापडलं: तळमजला, एक खोली, बाहेर पिंपात पाणी भरलेलं. फुवा एकटेच होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि क्षणभर दारातच उभे राहिले. मग खुर्ची पुसून दिली.

"ती शेजारी साड्या द्यायला गेलीये. येईल."

वडील बसले. मग म्हणाले, "दाजी, घराचं मला का नाही सांगितलंत?"

फुवांनी दाराबाहेर पाहिलं. "मी म्हणत होतो सांग," ते म्हणाले. "तिनेच शपथ घातली. म्हणे, भाऊंना सांगितलं म्हणजे आहेर मागितल्यासारखं. आमच्यात बहीण नव्या घरात जाते तेव्हा भावाने साडी, धोतर-टोपी, भांडं, सगळं घेऊन यावं लागतं. म्हणे, भाऊंचा हप्ता चालू, पोरगी लग्नाची. कळलं तर ते कर्ज काढतील, पण रिकाम्या हाताने येणार नाहीत. जायच्या वेळी घराचं सांगू, पण वास्तूचा दिवस सांगायचा नाही. ती झाली, की मग नुसतं जेवायला बोलावू. तेव्हा काही आणता येणार नाही त्यांना." ते थोडं हसले. "तुम्हाला चकवायचं ठरवलं होतं तिने. वास्तूच्या दुसऱ्या दिवशी मीच तुम्हाला आणायला येणार होतो."

वडिलांनी मान खाली घातली. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आत्या आली. आम्हाला पाहून तिने पदर सारखा केला, "कधी आलात?" विचारलं, आईची चौकशी केली आणि स्टो पेटवला. चहा टाकताना ती वाकली तेव्हा दिसलं, की गळ्यात काळा दोरा आणि दोन वाट्या एवढंच आहे. तिची पोत सोन्याच्या मण्यांची होती. पोतीकडे मी पाहतेय हे फुवांनी पाहिलं. "सराफाकडे आहे," ते हळू म्हणाले. "हप्त्याच्या त्या सोमवारी ठेवली. या महिन्यात सोडवली नाही तर जाईल."

चहा झाला. वडिलांनी खिशातून पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे तुझे," ते म्हणाले.

तिने हात पुढे केला नाही. "कशाचे?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तुम्ही सांगा." ती आता आमच्यासारखंच मराठी बोलत होती. "भाड्याचे जास्तीचे कापले गेले असतील, तर ते आमचे आहेत, घेते. ओवाळणीचे असतील, तर नको. ओवाळणी एकदा घेतली होती. ती परत गेली. आता मी चंद्राला ओवाळते."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. फुवा म्हणाले, "अगं, ते एवढ्या लांबून आलेत." तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती वडिलांकडे पाहत होती, जशी मेमधल्या त्या रविवारी पाहत होती. फरक एवढाच होता, की या वेळी वडिलांनीही तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या गळ्याकडे गेली.

ओवाळणीचे म्हटलं असतं, तर पाकीट त्यांच्याच खिशात परत आलं असतं.

"भाड्याचे," ते म्हणाले. "चुकून कापले गेले."

तिने पाकीट घेतलं आणि आमच्यासमोरच मोजायला बसली. शंभराच्या दहा नोटा, पन्नासाची एक. तळाशी एक रुपयाचं नाणं होतं. भावाच्या हातून बहिणीला जाणारी रक्कम मोकळी जात नाही, वर रुपया असतो. वडिलांनी तो घरून घालून आणला होता. आत्याने नोटा फुवांकडे दिल्या. नाणं थोडा वेळ तिच्या तळहातावर राहिलं.

"मंग हाऊ रुपया जास्तीना शे," ती म्हणाली, आणि तो तिने वडिलांच्या हातावर ठेवला.

वडिलांनी मूठ मिटली. फुवा आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले. ती दारापर्यंत आली होती.